टाचदुखी : पहाटेचे पहिले पाऊल

गुडीहत्नूर परिसरात कापूस वेचणाऱ्या स्त्रीचा दिवस उभ्यानेच सरतो. पहाटे पहिले पाऊल टेकताच टाचेत काटा रुतल्यासारखी कळ येते. चार पावलांनी ओसरते. वाकड्या पडलेल्या पावलाच्या व्यथेला सुश्रुतांनी ‘वातकंटक’ म्हटले. उपमा किती नेमकी!

क्ष-किरणचित्रात वाढलेले हाड दिसले की रुग्ण शस्त्रक्रियेच्या धास्तीने खचतो. वस्तुतः असे हाड न दुखणाऱ्या टाचांतही आढळते. दुखतो तो बहुधा तळव्याचा ताणलेला पडदा. उठण्यापूर्वी पायाची बोटे हाताने नडगीकडे ओढून दहा अंक मोजावेत. असे दहादा करावे. घरातील फरशीवरही मऊ चप्पल वापरावी. बहुतेकांना काही महिन्यांत उतार पडतो. सूज, बधिरता वा रात्रीची ठणक असल्यास मात्र अन्य कारणे, विशेषतः मधुमेह, तपासून घ्यावीत.