मालदीवला माल पाठविण्यापूर्वी

मालदीवशी तिजारत करावी, असे आपल्यातील अनेक व्यापारी बांधवांच्या मनात येते. मुस्लिम देश आहे, जवळचा आहे, आणि तांदूळ, कपडा, भांडी असे जवळजवळ सर्व काही बाहेरून आणतो. मग गिऱ्हाईक का मिळणार नाही? हा हिशेब चुकीचा नाही. परंतु त्या मुलुखाची जमीन आणि हवा समजून न घेता माल पाठविला, तर नफा समुद्रातच बुडतो. हे आम्ही स्वतः नुकसान सोसून शिकलो आहोत.

प्रथम जमीन पाहू. मालदीव म्हणजे सुमारे १२०० लहान बेटे. उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत त्यांची रांग सुमारे ८७० किलोमीटर लांब आहे. पण सर्व बेटांची जमीन एकत्र केली तरी सुमारे ३०० चौरस किलोमीटर भरते, म्हणजे बृहन्मुंबईच्या निम्म्याइतकी. लोकवस्ती २०० पेक्षा कमी बेटांवर आहे. २०२२ च्या जनगणनेत परदेशी रहिवासी धरून सुमारे ५ लाख १५ हजार लोक मोजले गेले. डोंगर नाही, नदी नाही. नैसर्गिक जमीन कोठेही समुद्रसपाटीपासून अडीच मीटरहून उंच नाही.

ही बेटे प्रवाळाची आहेत. समुद्रातील जुने ज्वालामुखी हळूहळू खचत गेले आणि त्यांच्या कडेने प्रवाळ वर वाढत राहिले. त्यातून बेटांची कडी तयार झाली. अशा कड्याला तेथील दिवेही भाषेत ‘अतोळू’ म्हणतात. इंग्रजीतील ‘अॅटॉल’ हा शब्द त्यावरूनच आला. कड्याच्या आत पाणी बहुधा शांत असते. पण एका कड्यातून दुसऱ्या कड्यात जाताना खोल, खवळलेला समुद्र ओलांडावा लागतो. व्यापाऱ्याने हे विसरू नये. माल माले बंदरात उतरला म्हणजे गिऱ्हाइकाच्या हाती पोहोचला, असे नव्हे.

आता हवा. देश विषुववृत्तावर असल्याने थंडी नाहीच. बारा महिने तापमान साधारण २५ ते ३१ अंश असते आणि हवेत दमटपणा भरपूर. डिसेंबर ते एप्रिल ईशान्येचा वारा वाहतो, तो कोरडा मोसम, त्याला ‘इरुवई’ म्हणतात. मे ते नोव्हेंबर नैर्ऋत्येचा पावसाळा, तो ‘हुळंगू’. उत्तरेपेक्षा दक्षिणेत पाऊस अधिक. गंमत म्हणजे तेथील जुने कोळी आपल्या शेतकऱ्यांप्रमाणेच नक्षत्रांवर पाऊस मोजतात. नक्षत्राला ते ‘नकई’ म्हणतात. एकूण २७ नकई आहेत आणि त्यांत आपली रोहिणी ‘रोनू’ या नावाने भेटते.

आम्ही चुकलो ते येथेच. आपल्याकडे दसऱ्याच्या सुमारास पाऊस संपतो, म्हणून ऑक्टोबरमध्ये सुती कापडाच्या गाठी पाठविल्या. तेथे मात्र ऑक्टोबर भर पावसाचा. मालेहून दक्षिणेकडे जाताना गाठी बोटीच्या उघड्या डेकवर राहिल्या, मग धक्क्यावर भिजल्या. वर फक्त गोणपाट होते. गाठी उघडल्या तेव्हा कापडावर बुरशीचे काळे ठिपके पडले होते. गिऱ्हाइकाने माल परत केला. त्याचा दोष नव्हता, पॅकिंग आमचे होते.

पाण्याचाही विचार करावा. बेटाच्या वाळूखाली पावसाच्या गोड पाण्याचा पातळ थर असतो. उपसा वाढला की तो खारा होतो. म्हणून माले शहर समुद्राचे पाणी गोडे करून पिते. डिसेंबर २०१४ मध्ये त्या कारखान्याला आग लागली, तेव्हा भारताने विमानाने आणि जहाजाने पाणी पाठविले. समुद्र किती जवळ आहे, हे १९८७ च्या लाटांनी आणि २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने दाखविले. त्सुनामीत तेथे ८० हून अधिक माणसे गेली. सखल जमिनीवर तळमजल्याच्या गोदामात माल फरशीवर ठेवणे म्हणजे जोखीम.

तेव्हा बांधवांनो, एवढे करावे. गाठीच्या आत जाड प्लॅस्टिक, बाहेर गोणपाट. माल पूर्ण वाळवूनच बांधावा. गोदामात फळ्यांवर ठेवण्यास सांगावे. जरी व लोखंडी हूक खाऱ्या हवेत काळे पडतात, गंजतात. कारागिरांनी जरीकाम हवाबंद पिशवीत द्यावे. लोकर, जाड कापड पाठवू नये; हलके सुती कापड, ओढण्या, चादरी, टॉवेल चालतात. पर्यटकांचा मुख्य हंगाम डिसेंबरपासून असतो, म्हणून हॉटेलांचा माल त्यापूर्वी पोहोचवावा लागतो आणि तो पावसातूनच जाणार, हे गृहीत धरावे. शेवटच्या बेटापर्यंतचे भाडे आणि विमा सौद्याच्या वेळीच ठरवावा.

रोजी देणारा अल्लाह आहे. पण गाठ नीट बांधणे आपले काम आहे.