डॉक्टरांची डिजिटल नोंद आणि आरोग्यदाखला

वडोदऱ्यातील सर सयाजीराव रुग्णालय १९४९ साली स्थापन झालेल्या बडोदे वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न आहे. अशा महाविद्यालयांतील अध्यापक डॉक्टरांची हजेरी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने मे २०२५ पासून आधारशी जोडलेल्या चेहरा-पडताळणीवर आणली. डॉक्टरांची पदवी व परवाना तपासून होणारी नोंद आयुष्मान भारत डिजिटल अभियानाच्या आरोग्य व्यावसायिक नोंदवहीत असते. आरोग्यदाखला, म्हणजे डॉक्टर रुग्णसेवेस निर्धोक असल्याचे प्रमाणपत्र, हा मात्र निराळाच आणि खरे तर अधिक निकडीचा विषय होय. या दाखल्यात, उदाहरणार्थ, हिपॅटायटिस-बीपासूनचे संरक्षण येते: लसीच्या शून्य, एक व सहा महिन्यांच्या तीन मात्रांनंतर रक्तातील प्रतिपिंडे, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिने, मिलिलिटरमागे किमान १० मिली-आंतरराष्ट्रीय एकके भरली, तरच संरक्षण मिळाले असे मानतात. हा आकडा डॉक्टरांच्या बदलीबरोबर नव्या रुग्णालयात पोहोचला नाही, तर रुग्णाला वापरलेली सुई टोचल्यावर ऐन वेळी पुन्हा चाचणी करावी लागते.