परक्या पंक्तींतील पाहुणा

अतिथि हा देव, हें आपण मुलांकडून घोकून घेतों. पण अतिथीनें यजमानाशीं कसें वागावें, हा धडा फारसा कोणी देत नाहीं. उभा जन्म मास्तरकींत गेला, तरी मलाहि तो शाळेंत सांपडला नाहीं. तो मिळाला साता समुद्रांपलीकडे, हाँगकाँगच्या एका जिवंत माशांच्या हॉटेलांत.

धाकटा मुलगा नोकरीनिमित्त तिकडे असतो. गेल्या वर्षीं आम्ही उभयतां जळगांवाहून निघून महिनाभर त्याच्याकडे राहिलों. त्याच्या कचेरींतील वरिष्ठ, साठी उलटलेले कँटनी गृहस्थ, यांनीं आम्हांस साईकुंग येथें भोजनाचें आमंत्रण दिलें. मुलाच्या वडिलांचा सत्कार करावा, एवढाच त्यांचा शुद्ध हेतु.

साईकुंग हें समुद्रकांठचें जुनें कोळ्यांचें गांव. धक्क्याखालीं होड्या लागलेल्या असतात व गिऱ्हाइकें वर उभीं राहून मासळीचा सौदा करतात. पलीकडे हॉटेलांची रांग. प्रत्येकापुढें कांचेच्या टांक्या एकावर एक रचलेल्या. नळ्यांतून हवेचे बुडबुडे सुटताहेत आणि आंत मासे, खेकडे, शेवंडे, शिंपले सारे जिवंत. भाव ‘कॅटी’वर. एक कॅटी म्हणजे सुमारें ६०५ ग्रॅम. आपल्या जुन्या शेराचे जसे १६ छटाक, तसे तिचेहि १६ भाग. निवडलेला मासा शिजविण्यापूर्वीं तडफडत असतांनाच पाहुण्यास दाखवितात. त्यांत क्रौर्य दाखविण्याचा हेतु नसतो. माल ताजा आहे, फसवणूक नाहीं, याची ती साक्ष. मासा मेल्यावर त्याची चव झपाट्यानें उतरते, आणि कँटनी पाकशास्त्राचा सारा भर पदार्थाच्या मूळ चवीवर. म्हणून मसाला जवळजवळ नाहींच. कांहीं मिनिटें वाफ, वर आलें, कांद्याची पात, कढत तेल व सोयाबीनचा रस.

यजमानांनीं मला टांकीपुढें नेलें आणि आदरानें खूण केली, “आपण निवडावा.” पहिला मान पाहुण्याचा! मुलाच्या कपाळावर घाम आला. आमच्या मंडळींनीं पदर घट्ट धरला. माझ्या जिभेवर अहिंसेचें व्याख्यान तयार होतें. तेवढ्यांत मला ह्युएनत्संग आठवला.

आम्हां खानदेशवासीयांस हा चिनी यात्रेकरू परका नाहीं. इ. स. ६४१ च्या सुमारास तो महाराष्ट्रांत आला होता, आणि त्यानें वर्णिलेला डोंगरांतील विहार म्हणजे आमच्या शेजारचें अजिंठाच, असें विद्वान् मानतात. हिंदुस्थानाकडे येतांना वाटेंत कुचा येथील राजानें त्यास भोजनास बोलाविलें. पानांत मांस होतें. तेथील भिक्षूंस तें निषिद्ध नव्हतें. ह्युएनत्संगानें आपल्या महायान पंथांत तें चालत नाहीं, एवढें नम्रपणें सांगितलें आणि इतर अन्न आनंदानें घेतलें. त्यानें पदार्थ नाकारला, पंक्ति नाकारली नाहीं.

मीं मुलाकरवीं सांगितलें, “मासा आपणच निवडावा. आम्हां दोघांस मात्र ‘लोहान’चें जेवण मिळावें.” लोहान म्हणजे आपला संस्कृत ‘अर्हत्’, बौद्ध भिक्षूंच्या शाकान्नास तिकडे हें नांव आहे. तें ऐकतांच वृद्धाचा चेहरा उजळला. त्यांची आई प्रत्येक चांद्रमासाच्या पहिल्या व पंधराव्या दिवशीं हेंच अन्न घेई! त्यांनीं स्वतः आंत जाऊन बजावलें कीं, कालवांचा रस नको, कोंबडीचें पाणी नको, कांदालसूणहि नको. (तिकडे जाणाऱ्यांनीं हें अवश्य सांगावें; नुसती ‘भाजी’ म्हटल्यास हे रस तींत असूं शकतात.) सोयाबीनचें पनीर, अळंबीं, बांबूचे कोंब असें सात्त्विक ताट आलें. मासाहि त्याच मेजावर आला. मानाची रीत म्हणून त्याचें तोंड माझ्याकडे केलेलें. मीं मान लववून तो मान स्वीकारला.

त्या रात्रीं मात्र मला झोंप आली नाहीं. तीस वर्षांपूर्वीं मी धुळ्यास असतांना तापीकांठचा एक कोळी माझ्या दारीं आला होता. मुलगा मॅट्रिक झाला म्हणून पहांटेची ताजी मासळी ओल्या फडक्यांत बांधून त्यानें आणली होती. “ब्राह्मणाच्या दारांत हें काय आणलेंस?” असें ओरडून मीं त्यास पायरीवरूनच परत लाविलें. तो खालीं मान घालून गेला. मासळी न घेणें हा माझा धर्म होता. पण त्यास बसवून पाणी देणें, “तुझ्या आनंदांत मी आहें” म्हणणें, याला कोणता धर्म आड येत होता? परक्या देशांतल्या माणसानें माझें व्रत जपलें. मीं मात्र व्रताच्या नांवाखालीं माणूस दुखविला.

परत आल्यावर त्या विद्यार्थ्याचा पत्ता काढून मी त्याच्या गांवीं गेलों. वडील वारले होते. मी ओसरीवर बसलों आणि झालें तें सांगितलें. तो म्हणाला, “गुरुजी, बाबा म्हणायचे, मास्तरांना खीर न्यायला हवी होती, माझंच चुकलं.” यावर मला बोलवेना. सूनबाईनें चहा आणला. तो मीं दोन्ही हातांनीं घेतला.

वाचकहो, आपल्या ताटांत काय असावें, हें ज्याचें त्यानें ठरवावें. परंतु नकार द्यावयाचा तो वस्तूला. तिच्यामागच्या हाताला नव्हे.