मुद्दल आणि व्याज

मार्चचे क्लोजिंग आणि माझी अर्धशिशी यांची तारीख कधी चुकली नाही. पैसा न् पैसा जुळेपर्यंत उठायचे नाही हा बँकेचा शिरस्ता. म्हणून ड्रॉवरमध्ये स्टॅम्प-पॅडशेजारी गोळ्यांची पट्टी कायम असे. ट्यूबलाइट डोळ्यांत खुपू लागली की एक गोळी. पुढे पुढे तर दुखण्याआधीच, ‘दुखेल’ या भीतीने एक. निवृत्तीनंतर सुटका होईल म्हटले, तर मुलीच्या साखरपुड्यातसुद्धा मी आतल्या अंधाऱ्या खोलीत पडून!

शेवटी न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले, “मॅडम, लोकांची खाती खूप लिहिलीत, आता स्वतःचे लिहा.” महिन्याची बेरीज निघाली: डोकेदुखीचे दिवस १९, गोळ्यांचे १६. महिन्यात १५ किंवा अधिक दिवस डोके दुखते, त्यातले आठ तरी अर्धशिशीचे असतात आणि हे तीन महिन्यांहून अधिक चालते, तेव्हा ती जुनाट अर्धशिशी. त्यात वेदनाशामक गोळ्या अति झाल्या, की गोळीच डोके दुखवू लागते. कर्ज फेडायला कर्ज काढावे, तसे.

डॉक्टरांनी गोळ्यांना मर्यादा घातली, रोजचे प्रतिबंधक औषध दिले आणि वर दहा मिनिटे श्वासाकडे लक्ष देत बसायला सांगितले. मला हसू आले. मग आठवले, आपल्या इगतपुरीच्या विपश्यना केंद्राचे सत्यनारायण गोएंका याच दुखण्याने बेजार होते. १९५५ साली ब्रह्मदेशात ते ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तेव्हा केवळ डोकेदुखीसाठी शिकवायला गुरूंनी आधी नकारच दिला. ऊ बा खिन सरकारचे महालेखापाल होते. नसती हमी न देणारा हिशेबी माणूस मला पटला.

पुरावाही हिशेबीच आहे. मिलानमधल्या १७७ रुग्णांचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांना अशा सरावाची जोड मिळालेल्यांपैकी सुमारे ७८ टक्के लोकांचे डोकेदुखीचे दिवस वर्षभराने निम्म्यावर आले. नुसत्या उपचारांवर ४८ टक्के. अमेरिकेतल्या ८९ जणांच्या अभ्यासात मात्र दुखण्याचे दिवस नुसती माहिती दिलेल्यांइतकेच घटले. कमी झाली ती हतबलता.

मला उमगले ते इतकेच. दुखणे हे मुद्दल. ‘आता दिवस गेला, कार्य बुडाले’ ही धास्ती त्यावरचे व्याज. मुद्दलासाठी औषध हवेच, ते मी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडणार नाही. व्याज मात्र मीच लावत होते.

परवा त्याच मुलीच्या बाळाचे बारसे होते. सकाळपासून डावी बाजू ठणकत होती. मर्यादेतली एक गोळी घेतली, दहा मिनिटे डोळे मिटून बसले. ठणका होता, पण तो केवळ ठणकाच होता. मग उठले आणि पाळण्याची दोरी धरायला बाहेर आले.