पट्टा घसरतो तेव्हा

चिंचपोकळी, लालबाग आणि परळ या गिरणगावातील कापड गिरण्यांत, प्रत्येक साच्याला, म्हणजे मागाला, स्वतंत्र विद्युत मोटर मिळण्यापूर्वी, इंजिनाची शक्ती छतालगतच्या लांब फिरत्या दांड्यावरून, म्हणजे लाइन शाफ्टवरून, चामडी पट्ट्यांच्या साहाय्याने साच्यांपर्यंत पोचत असे. त्या गिरण्या बंद पडल्या, तरी त्यांतील पट्ट्याचे तत्त्व पिठाच्या चक्कीत, मसाला कांडपाच्या यंत्रात आणि शेतावरच्या मळणी यंत्रात आजही काम करते.

असा पट्टा पुलीला केवळ घर्षणाने धरतो. त्याची एक बाजू ओढीची आणि दुसरी सैल असते. या दोन बाजूंच्या ताणांचे गुणोत्तर एका मर्यादेपलीकडे गेले की पट्टा घसरतो, आणि ही मर्यादा घर्षणांक व पट्ट्याचा पुलीभोवतीचा वेढा यांवर ठरते, हे ऑयलर या गणितज्ञाच्या सूत्रावरून कळते. घर्षणांक 0.3 असताना 180 अंशांच्या वेढ्याला हे गुणोत्तर सुमारे 2.6 पर्यंत चालते, तर लहान पुलीवर वेढा 120 अंशांचा झाला की ते 1.9 वर येते. म्हणूनच आडव्या सपाट पट्ट्याची सैल बाजू वर ठेवतात, कारण ती झोळ देऊन वेढा वाढवते.

व्ही-बेल्ट खाचेच्या दोन्ही उतरत्या भिंतींत पाचरीसारखा रुततो, त्यामुळे त्याची पकड सपाट पट्ट्याच्या सुमारे तिप्पट होते. मात्र खाच झिजून पट्टा तळाला टेकला, तर ही पकड जाते आणि ताण वाढवूनही उपयोग होत नाही. अशा वेळी पुलीच बदलावी लागते.

ताण तपासताना दोन पुलींमधील मोकळ्या पट्ट्याच्या मध्यभागी दाब द्यावा. 64 सेंटिमीटर लांबीमागे, पट्ट्याच्या आकारानुसार ठरवलेल्या दाबाने, तो सुमारे 1 सेंटिमीटर दबावा. पुली एका रेषेत आहेत का, हे दोरी लावून पाहावे. नवा पट्टा सुरुवातीला सैलावतो, म्हणून एक-दोन दिवसांनी ताण पुन्हा पाहावा, आणि जोडीने चालणारे पट्टे एकदमच बदलावेत. अतिताणाने बेअरिंग खराब होते, तर चामडी पट्ट्यांसाठी वापरली जाणारी राळ व्ही-बेल्टवर लावल्यास पीठ व धूळ चिकटून घसरण वाढते.

कोणतीही तपासणी वीज तोडूनच करावी आणि पट्ट्यावरची संरक्षक जाळी परत बसवल्याशिवाय यंत्र सुरू करू नये, कारण पट्ट्यात अडकलेला पदर किंवा बोट सोडवण्यास क्षणभरही अवधी मिळत नाही.