श्रीलंकेत सर्फिंग: महिना सांगा, किनारा ठरवू

'श्रीलंकेत सर्फिंगचा सीझन कोणता?' हा प्रश्नच अपुरा आहे. लांबीला साडेचारशे किलोमीटरही न भरणाऱ्या या बेटावर दोन हंगाम चालतात, दोन वेगळ्या किनाऱ्यांवर. तिकीट काढण्याआधी काही समजुती तपासून घेतलेल्या बऱ्या.

गैरसमज: मे ते सप्टेंबर पावसाळा, म्हणजे सर्फिंग बंद.

वस्तुस्थिती: कोकणाला झोडपणारे नैऋत्य मोसमी वारे हिक्काडुवा, वेलिगामा, मिरिस्सा या किनाऱ्यालाही सोडत नाहीत. पण बेटाच्या मध्यभागी डोंगर आहेत. पिदुरुतलागला हे सर्वोच्च शिखर २,५२४ मीटरचं. बराचसा पाऊस तिथेच पडून जातो आणि पूर्व किनारा कोरडा राहतो. म्हणून अरुगम बेचा ऐन हंगाम नेमका याच महिन्यांत असतो. हिवाळ्यात ईशान्य मोसमी वारे सुरू झाले की पारडं फिरतं. नोव्हेंबर ते एप्रिल हे दक्षिण आणि नैऋत्य किनाऱ्याचे दिवस.

गैरसमज: वारा जोराचा, तर लाटही चांगली.

वस्तुस्थिती: इथल्या चांगल्या लाटा बहुतेक करून दूर दक्षिणेच्या महासागरातल्या वादळांत जन्मतात आणि हजारो किलोमीटर कापून येतात. किनाऱ्यावरचा वारा त्यांना राखतो किंवा बिघडवतो, एवढंच. तो जमिनीकडून वाहत असेल, तर लाट गुळगुळीत उभी राहते. समुद्राकडून आला, तर विस्कटून लवकर कोसळते. जुलैत लाटा वेलिगामालाही पोचतात, पण नैऋत्य वारा तिथे समुद्रावरून येतो. अरुगम बेला तोच जमिनीवरून येतो. रोजचं गणितही असंच: पहाटे मतलई वारे असतात, दुपारी खारे. म्हणून जाणते सर्फर उजाडताच पाण्यात उतरतात.

गैरसमज: हंगाम साधला, की कुठेही शिकता येतं.

वस्तुस्थिती: लाटेखाली काय आहे, तेही बघावं लागतं. वेलिगामाच्या उपसागरात वाळूचा तळ आहे. नवशिक्याने तिथूनच सुरुवात करावी. हिक्काडुवाला बऱ्याच ठिकाणी प्रवाळ आहे, पडलात तर सोलवटून निघाल. अरुगम बेच्या मुख्य पॉइंटवर अनुभवी लोकांची गर्दी असते; शिकणाऱ्यांनी शेजारच्या बेबी पॉइंटवर जावं.

गैरसमज: दिवाळीच्या सुट्टीत दोन्ही किनारे मिळतील.

वस्तुस्थिती: उलट, तेव्हा दोन्ही बेभरवशाचे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात वारे दिशा बदलत असतात आणि दुपारनंतर विजांसह पाऊस पडतो. पूर्वेचा हंगाम आवरत आलेला असतो, दक्षिणेचा अजून बसलेला नसतो.

सुट्टी नाताळात किंवा फेब्रुवारीत असेल, तर वेलिगामा. परीक्षा संपताच एप्रिलच्या सुरुवातीला निघालात, तरी तेच. मेअखेर किंवा त्यानंतर जाणार असाल, तर थेट अरुगम बे गाठा. फक्त दिवाळीतच जमत असेल, तर फिरायला जरूर जा. सर्फिंगच्या शिकवणीचे पैसे मात्र आगाऊ भरू नका.