गोबर गॅस संयंत्र : घरचे हात कोठे, गवंडी कोठे?

सातारा व सांगली जिल्ह्यांतील शेतकऱ्याला घरचे काम घरीच उरकण्याची सवय आहे. गोठ्याचे छप्पर शाकारणे, फुटलेली ताल पुन्हा रचणे यासाठी तो सहसा कोणाची वाट पाहत नाही. तथापि नांगराचा फाळ तापवून त्याला पाणी देण्याचे काम त्याने पिढ्यान्‌पिढ्या लोहाराकडेच सोपविले. पुढे १९१० मध्ये कुंडलजवळ किर्लोस्करवाडी वसली व लोखंडी नांगर गावोगाव पोचला. झिजलेला फाळ काढून नवा बसविणे हे तेव्हा पान्याचे काम झाले, आणि ते शेतकरी स्वतः करू लागला. बोल्ट चुकीचा आवळला तर सैल करता येतो. फाळाला पाणी चुकीचे बसले, तर ते नांगर मोडेपर्यंत कळत नाही. घरी गोबर गॅस संयंत्र बांधू इच्छिणाऱ्या शेतकरी बंधूंनी कामाची वाटणी करताना हाच भेद ध्यानी घ्यावा.

१९८४ पासून प्रचारात आलेले ‘दीनबंधू’ संयंत्र संपूर्णपणे जमिनीखाली असते. त्याचा तळ वाटीसारखा व माथा घुमटासारखा असून वायू त्या घुमटातच साठतो. जशभाई पटेल यांच्या जुन्या पद्धतीतील तरंगती लोखंडी टाकी येथे नसल्याने खर्च वाचतो व गंजण्याची चिंताही राहत नाही. मात्र घुमटाला केसाएवढी भेग पडली तरी वायू निसटतो, आणि वर माती लोटलेली असल्याने ती भेग शोधणे फार कठीण जाते. खर्च वाचविण्याच्या हेतूने सगळेच काम घरी केले, तर घातलेले सिमेंट, विटा व श्रम एका खड्ड्यात पडून राहण्याचा संभव असतो.

खड्डा खणणे हे काम घरच्या माणसांनी खुशाल करावे. माण, खटाव, जत या भागांत मुरूम व खडक लागतो, तेथे खणण्याची मजुरीच भारी पडते. परंतु आखणी गवंड्याकडून करून घ्यावी आणि तळाची शेवटची वीतभर माती त्याच्या देखरेखीखाली काढावी. उत्साहाच्या भरात खड्डा अधिक खोल जातो आणि मग खालची जागा सैल मातीने भरली जाते, ही नेहमीची चूक आहे. ती माती पुढे दबते, तळ खचतो व घुमट तडकतो. अधिक खणलेली जागा काँक्रीटनेच भरली पाहिजे.

तळ, घुमट व घुमटाचा आतील गिलावा ही कामे शिकलेल्या गवंड्याचीच होत. गावात उत्तम घरे बांधणारा गवंडी असतो. परंतु ओळंब्याने भिंत सरळ नेणे वेगळे आणि मध्यबिंदूशी बांधलेल्या दोरीने त्रिज्या मोजीत घुमट वळविणे वेगळे. नात्यागोत्यातला म्हणून त्याला काम देऊ नये. ज्याने बांधलेले संयंत्र निदान एक पावसाळा काढून चालू आहे, त्यालाच बोलवावे. शक्य तर त्या संयंत्राच्या शेगडीवरचा चहा पिऊनच सौदा ठरवावा. शासकीय साह्य घ्यावयाचे असेल, तर बांधकामापूर्वी पंचायत समितीच्या कृषी विभागात चौकशी करावी.

विटा भिजविणे, माल वाहणे, बांधकामावर दहा-बारा दिवस पाणी मारणे आणि नंतर भोवती माती थराथराने चोपून भरणे ही कामे पुन्हा घरची. पाणी मारण्यात घरचा माणूस मजुरापेक्षा सरस, कारण ते दिवसातून अनेकदा करावे लागते. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत हे सर्व पावसाळ्यापूर्वी आटोपावे. संयंत्र रिकामे राहिल्यास भोवतीच्या पाण्याचा दाब त्याला उचलू पाहतो.

बांधण्यापूर्वी गोठ्याचा हिशेब मांडावा. दोन घनमीटरच्या संयंत्रास रोज सुमारे ५० किलो शेण व तितकेच पाणी लागते. आटपाडी-माणकडील खिलार जनावरे दिवसभर चरावयास जात असतील, तर गोठ्यात पडते तेवढेच शेण हाती लागते. उन्हाळ्यात टँकरवर भिस्त असलेल्या वस्तीने लहान संयंत्राचाच विचार करावा.

एका कामास मात्र घरच्या कोणीही हात लावू नये. चालू संयंत्र साफ करण्यासाठी किंवा आत पडलेली वस्तू काढण्यासाठी आत उतरणे म्हणजे प्रत्यक्ष मृत्यूच. आतील वायूंत प्राणवायू नसतो व विषारी हायड्रोजन सल्फाइड असतो. उतरलेला माणूस क्षणात बेशुद्ध होतो आणि त्याला काढावयास धावलेला दुसराही तेथेच पडतो. आत कंदील सोडून पाहणेही स्फोटास निमंत्रण होय. असे काम योग्य साधने असलेल्या जाणकारांकडूनच करवून घ्यावे. नळीच्या सांध्यांतील गळती साबणाच्या फेसाने तपासावी, काडी ओढून कधीही नव्हे.

पहिल्या भरणीसाठी शेणातील खडे व काडीकचरा काढून टाकावा आणि पाण्याशी समप्रमाणात कालवून संयंत्र भरावे. उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांत वायू धरू लागतो, थंडीत अधिक दिवस लागतात. प्रथम निघणाऱ्या वायूत हवा व कर्बवायू अधिक असल्याने तो पेट घेत नाही. तो मोकळ्या जागी सोडून द्यावा. शेगडीवर ज्योत स्थिर निळी जळू लागल्यावरच रोजची भर सुरू करावी.